कोरड्या पेल्यातले मूग

त्या शाळेत विज्ञानाचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्या जुडग्यात होती. आत लोहचुंबक होते, भिंगं होती, प्लास्टिकचं एक माणसाचं धड होतं, त्याचं काळीज आणि आतडी काढून परत बसवता यायची. मी ते कपाट महिन्यातून एकदा उघडायचे, धूळ पुसायला. शिक्षिका ते उघडायला सांगायच्या वर्षातून दोनदा, सुपरवायझर मॅडम वर्गात येऊन बसणार असल्या की.

शिक्षिकांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. ठेवायची तर आधी मला ठेवावी लागतील.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे, दुबईत अल कुसैसची. माझा नवरा एका कंपनीच्या कामगारांची बस चालवायचा. मुलगा देशात शिकत होता. दिवसभर घरात एकटी बसून काय करायचं म्हणून जवळच्या भारतीय शाळेत, प्रायमरीला, मी आया म्हणून लागले. वर्ग झाडायचे, लहानांना बाथरूमला न्यायचं, कुणी ओकलं तर पुसायचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही गावच्या मराठी शाळेत. कामावर घेताना ऑफिसातल्या माणसानं विचारलं, "इंग्लिश पढना आता है? बोतल पे लिखा रहता है, फिनाईल कौनसा, ॲसिड कौनसा." मी म्हणाले, "आता है." येत नव्हतं. अक्षरं सुटी सुटी ओळखू यायची, एवढंच. बाटल्या मी रंगावर लक्षात ठेवल्या. गुलाबी फरशीला, निळी काचेला, पिवळी संडासाला. कुणाला काही कळलं नाही, आणि कळलं नाही याचा मला अभिमान होता.

तिसरीच्या एका वर्गाच्या बाई नागपूरकडच्या होत्या. शाळेत त्यांना सगळे मॅडम म्हणत, मुलं मिस म्हणत, मी बाई म्हणायचे. त्या मला मावशी म्हणायच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आलेल्या, इतिहासात बी.ए. झालेल्या. प्रायमरीत एकाच बाईनं सगळे विषय शिकवायचे असतात. इतिहासाची गोष्ट सांगायला लागल्या की मी झाडू थांबवून दाराशी उभी राहायचे, इतकं छान सांगायच्या. सायन्सचा तास आला की त्यांचा आवाजच बदलायचा. पुस्तक उघडा, वाचा, महत्त्वाच्या शब्दांखाली पट्टीनं रेघ मारा. मग फळ्यावर प्रश्न, खाली उत्तर. पोरं उतरवून घ्यायची. झाला तास, खलास.

एकदा डबा खाताना त्या मला म्हणाल्या, "मावशी, इतिहासात राजा एकदा मेला की मेला. पाठ करून टाकायचं. सायन्समध्ये ही पोरं विचारतात, का मेला? मला काय माहीत का मेला?"

मी हसले. मलाही ते पटलं होतं. स्टाफरूममध्ये मी चहा द्यायला जायचे तेव्हा बाकीच्यांचंही असंच कानावर यायचं. गॅदरिंगच्या नाचाची तालीम आली की गणिताचा तास कुणी सोडायचं नाही, सायन्सचा मागितला की लगेच, शेवटी अरबीतलं 'चला' जोडून, "ले लो ना, यल्ला." एक केरळची शिक्षिका तर उघड म्हणायची की प्रयोग केला आणि पुस्तकात लिहिलंय तसा झाला नाही तर मुलांसमोर तोंड कसं दाखवायचं, त्यापेक्षा न केलेला बरा. त्या वाईट नव्हत्या. त्यांना भीती वाटायची. त्यांना लहानपणी कुणी कपाट उघडून दाखवलं नव्हतं, म्हणून त्याही उघडत नव्हत्या.

तर त्या वर्षी बाईंना निरोप आला की सोमवारी सुपरवायझर मॅडम सायन्सच्या तासाला बसणार, आणि प्रयोग बघणार. बाईंनी सोपा निवडला. दोन पारदर्शक प्लास्टिकचे पेले, दोन्हीत कापूस, कापसावर मूग. एकात पाणी घालायचं, एकात नाही. पाणी असलेल्याला मोड येतात, कोरडे तसेच राहतात. हे सगळं मला नंतर कळलं. बुधवारी दुपारी बाईंनी मुलांकडून पेले भरवून खिडकीत ठेवले. पेल्यांवर कागद चिकटवून इंग्रजीत नावं घातली. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असायची. शनिवारी मुलं येणार, मोड बघणार, सोमवारी मॅडमसमोर सगळं परत सांगणार. बाई हसून म्हणाल्या, "मावशी, सोमवारी प्रयोग, रविवारी तालीम. नाटकासारखंच आहे."

गुरुवारी सकाळी मी साप्ताहिक सफाईला गेले. शाळा रिकामी, एसी बंद, वर्गात भट्टीसारखं उकडत होतं. खिडकीशी पुसायला गेले तर एका पेल्यातला कापूस ओला होता आणि दुसऱ्यातला खडखडीत कोरडा. मोड काढायला ठेवलेलं कडधान्य कुणी असं कोरडं टाकतं का? मला वाटलं, बाई विसरल्या. त्यांना मोड काढता येत नाहीत हे मला ठाऊक होतं, त्या पिशवीतले विकत आणायच्या.

मी पेल्यावरची चिठ्ठी वाचली. हो, वाचली. एकावर होतं वॉटर. तो शब्द मला येत होता, पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या बाटल्यांवर रोज बघायचे. दुसऱ्यावर होतं एन, ओ, आणि मग वॉटर. एन आणि ओ मला पाठ होतं. आमच्या दारावर लिहिलं होतं, फ्लॅट आणि पुढे एन, ओ. नवऱ्याच्या बसवर होतं, बिलावर होतं. एन-ओ म्हणजे नंबर. बोलण्यातलं नो मला कळायचं, दिवसभर कानावर पडायचं. लिहिलेलं नो म्हणजे माझ्या लेखी नंबरच. मला वाटलं, या पेल्याला पाणी नंबरानं द्यायचंय, याचा नंबर नंतर आहे, आणि बाई द्यायच्या राहिल्या. वाचता आलं म्हणून मी खूश झाले. नळावरून मगात पाणी आणलं, कोरड्या पेल्यात बेतानं शिंपडलं, आणि उरलेलं सगळं पहिल्या पेल्यात ओतून टाकलं.

शनिवारी सकाळी वर्ग उघडला तेव्हा पहिल्या पेल्यातले मूग पाण्यात बुडून कुजले होते, वास येत होता. दुसऱ्यातल्या मुगांना बोटाच्या पेराएवढे पांढरे मोड.

सगळ्यात आधी ते पाहिलं खिडकीशी बसणाऱ्या एका पोरीनं. ही आमच्याच बिल्डिंगमधली, आमच्या वरच्या मजल्यावरची. आईबाप मालवणकडचे, पोर इथेच वाढलेली. आईनं मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत द्यायची. तिनं चिठ्ठी वाचली, पेल्यात नाक घातलं, परत चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "मिस, द नो-वॉटर वन ग्रू."

बाईंनी दोन्ही पेले उचलले आणि कचऱ्यात टाकले. मुलं बघत होती. मग बाईंनी विचारलं, पुस्तकात काय लिहिलंय? सगळा वर्ग एका सुरात, "सीड्स नीड वॉटर." बाई म्हणाल्या, "करेक्ट."

मधल्या सुट्टीत त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. चेहरा उतरला होता. "मावशी, यात पाणी घालायचं नाही असं ढळढळीत लिहिलं होतं हो मी. नो वॉटर. कुणीतरी घातलं आणि वाट लावली माझी."

तेव्हा मला कळलं. पायाखालची फरशी माझीच पुसलेली, तिच्याकडे बघत मी म्हणाले, "कुणी केलं असेल बाई."

"तुम्ही घरून मोड आणाल? चांगले लांब?"

मी म्हणाले, "आणते." त्या कामात मला कुणी हरवलं नसतं. शनिवारी दुपारी भिजत घातले, फडक्यात बांधले, सोमवारी सकाळी डब्यातून नेले. बाई म्हणाल्या, "हे तर जाहिरातीतले मोड आहेत मावशी." नव्या पेल्यात, नव्या कापसावर ते मांडले, चिठ्ठी पहिल्यासारखीच. दुसऱ्या पेल्यात कोरडे मूग.

सोमवारी सुपरवायझर मॅडम मागच्या बाकावर वही घेऊन बसल्या. मला पेल्यांचा ट्रे धरून फळ्याशी उभं केलं होतं. रविवारची तालीम नीट झालेली, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. शेवटी बाईंनी विचारलं, एनी डाउट्स? हे विचारायचं असतं, कुणी हात वर करायचा नसतो. त्या पोरीनं हात वर केला.

"मिस, ऑन सॅटर्डे द नो-वॉटर वन ग्रू. द वॉटर वन वॉज स्टिंकिंग."

वर्ग हसला. सुपरवायझर मॅडमनी वहीतून डोकं वर काढलं. बाईंचे कान लाल झाले. त्या म्हणाल्या, "बिकॉज यू पुट वॉटर इन इट. व्हेरी नॉटी गर्ल."

"आय डिडंट, मिस."

"सिट डाउन."

"बट आय डिडंट."

मी ट्रे धरून उभी होते, पोरीपासून चार हातांवर. तेवढं इंग्रजी मला कळत होतं. एक वाक्य हिंदीत बोलले असते तरी पुरलं असतं. ट्रे हलू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि मूग अजिबात हलले नाहीत.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगायचे की नोकरी जाईल म्हणून मी गप्प राहिले. ते खरं नाही. पेल्यात पाणी घातलं म्हणून कुणी आयाला काढत नाही. मला वाचता येत नाही हे कळलं असतं, म्हणून मी गप्प राहिले.

त्या दिवशी संध्याकाळी पोरीची आई तिला दंडाला धरून आमच्या दारात आली. हातात शाळेची डायरी.

"काकू, बघा काय लिहून आलंय. हिनं प्रयोग बिघडवला आणि वर मिसला खोटं पाडलं, तेही मोठ्या मॅडमसमोर. तुम्ही तिथेच असता. खरं काय ते सांगा, मग हिला मी बघते."

"मला काय माहीत बाई. मी झाडते, पुसते."

पोर रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती. "आंटी, हू ओपन्ड द क्लास ऑन थर्सडे?"

आई म्हणाली, "मराठीत बोल की जरा, भवाने."

"थर्सडेला क्लास कोण ओपन करतं?"

"मी," मी म्हणाले. "झाडलं आणि निघाले. पेल्यांना हात नाही लावला."

तोंडावर, डोळ्याला डोळा देऊन बोलले. आठ वर्षांच्या पोरीला. तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला तिनं.

आईनं जिन्यातच तिला एक ठेवून दिली. आवाज खालपर्यंत आला. मी दार लावून घेतलं आणि कणीक मळायला घेतली. दुसऱ्या दिवशी पोरीनं वर्गात माफीचं पत्र वाचून दाखवलं, की पाणी मी घातलं, पुन्हा करणार नाही. बाईंनी तिच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या सगळ्यांकडून, खरं बोलल्याबद्दल. मी तेव्हा बाजूच्या वर्गात होते. टाळ्या ऐकल्या.

मला वाटलं, संपलं. पण त्या पोरीच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. कुणी पाणी घातलं नाही आणि मोड आले, तर पाणी आलं कुठून? हा प्रश्न तिला खरोखर पडला होता. तिच्या आईनं लिफ्टमध्ये मला हसून सांगितलं, "काकू, घरात मुगाचं दुकान मांडलंय हिनं. एक पेला एसीखाली, एक ओट्यावर, एक बाथरूमच्या खिडकीत. म्हणे हवेतनं पाणी येतं का बघायचंय. मी हात लावला तर अंगावर येते." आईला तो खेळ वाटत होता. ती काय शोधतेय ते मला कळलं, कारण मला उत्तर माहीत होतं.

आठवड्यानं पोर एकटी खाली आली. हातात तीन पेले, एकात एक घातलेले. वरचा तिनं माझ्या कानाशी धरून हलवला. कोरडे मूग खडखडले.

"लिसन. नथिंग ग्रू. एसीखाली पण नाही."

"बरं मग?"

"सो समबडी पुट वॉटर," ती म्हणाली. "मी नाही. मिस नाही. वॉचमन अंकलकडे क्लासची की नसते, मी विचारलं."

पुढचं तिनं म्हटलं नाही. पेले घेऊन वर गेली. त्या वर्षी शाळेत-घरी जेवढे प्रयोग झाले त्यात खरा तो एकच, आणि त्याचं उत्तर मी निघाले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना रिकाम्या वर्गात गाठलं आणि सांगितलं. गुरुवार, मग, पाणी, एन आणि ओ. नंबराचं सांगितलं तेव्हा त्या हसायला लागल्या. "नंबर वॉटर? अहो मावशी. नंबर वॉटर?" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी उभी होते. हसणं ओसरल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"जाऊ द्या आता. तो धडा झाला. मॅडमनी रिपोर्ट चांगला दिलाय. आता हे परत काढलं तर मोड मी तुमच्या घरचे मांडले तेही निघेल."

"पोरगी उगाच मार खाऊन बसली, बाई. वर्गात एकदा सांगितलंत तर."

"काय सांगू? मी तिला खोटं पाडलं म्हणून? मुलं पुढच्या तासाला माझं ऐकतील का?" मग त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "तिला सीड्स नीड वॉटर येतं ना? परीक्षेला तेवढंच येणार आहे. आणि तुमचं वाचण्याचं मी कुणाला बोलणार नाही, काळजी करू नका."

त्या शेवटच्या वाक्यानं मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. मी म्हणाले, "ठीक आहे बाई," आणि बादली उचलून निघाले.

त्याच संध्याकाळी जिन्यात पोर भेटली. दूध आणायला निघाली होती. मी म्हणाले, "पाणी मी घातलं होतं गं. मला ती चिठ्ठी वाचता आली नाही."

"आय नो," ती म्हणाली. रागानं नाही. मग तिनं विचारलं, "तुम्ही मिसला सांगितलं?"

"सांगितलं."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "व्हॉट डिड शी से?"

खरं सांगायचं तर सांगायला हवं होतं की तुझ्या मिसला ते नकोय. तेवढं धाडस माझं झालं नाही. मी म्हणाले, "सांगते म्हणाल्या वर्गात. तू नाही केलंस असं."

"व्हेन?"

"सांगतील."

पहिलं खोटं मी घाबरून बोलले होते. हे मी तिला बरं वाटावं म्हणून बोलले, आणि तेच जास्त वाईट निघालं. कारण ती वाट बघायला लागली. सायन्सचा तास माझ्या कॉरिडॉर पुसायच्या वेळेला असायचा. दाराच्या काचेतून दिसायचं, पोर ताठ बसलेली, पेन्सिल खाली ठेवलेली, नजर बाईंच्या तोंडावर. बाई सुरुवात करायच्या तेव्हा ती पुढे झुकायची. जिन्यात भेटली की विचारायची, "टुडे?" मी म्हणायचे, "आज राहिलं असेल, उद्या." पुढच्या आठवड्यात परत विचारलं. मी परत उद्या म्हणाले.

मग एका दिवशी बाईंनी हवेचा धडा काढला. हवेला वजन असतं, असं काहीतरी होतं. शेजारच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, कसं कळतं? बाई म्हणाल्या, पुस्तकात दिलंय, अंडरलाइन करा. मी काचेतून पोरीकडे बघत होते. मग तिनं कंपासपेटीतून पट्टी काढली, पुस्तकावर नीट लावली आणि सगळ्यांबरोबर रेघ मारली.

संध्याकाळी ती जिन्यात भेटली. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती बाजूला सरकून मला वाट देऊन उभी राहिली. काही विचारलं नाही.